वर्गणी, नोटीस आणि गैरहजर माणूस

(दादरच्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दरूप)

मघाशी जिना चढताना एका बाईंनी मला थांबवलं. हातात पिशवी, पिशवीत फ्लॅटचा करारनामा, हप्त्यांच्या पावत्या आणि बत्तीस सह्यांचा एक कागद. म्हणाल्या, "मॅडम, आम्ही सगळ्यांनी मिळून केस केली होती. आता अकरा जण बिल्डरशी परस्पर मिटवून मोकळे झाले. मग आमचं काय?"

मी तक्रारीचं पहिलं पान पाहिलं. ती संयुक्त तक्रार होती, प्रातिनिधिक नव्हती. आज मला मुख्यतः या दोन शब्दांमधल्या फरकाबद्दलच बोलायचं आहे. मुंबईत हजारो लोक 'आम्ही सगळे मिळून' कोर्टात जातात, पण आपण यातलं नेमकं काय केलंय हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

संयुक्त तक्रार म्हणजे बत्तीस जणांचे बत्तीस दावे एका फाइलीत. ज्याला वाटेल त्याने आपला हिशेब मिटवावा आणि जावं. अकरा जण गेले म्हणून बाईंचा हक्क बुडालेला नाही. पण वकिलाची फी बत्तीस ठिकाणी वाटली जात होती, ती आता एकवीस घरांवर आली. शिवाय समोरच्याला कळलं की ही माणसं एकेक करून फोडता येतात.

प्रातिनिधिक दावा वेगळा. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १, नियम ८ आहे. एकच हितसंबंध असलेले लोक पुष्कळ असतील, तर कोर्टाच्या परवानगीने त्यांच्यातले एक-दोघे सगळ्यांच्या वतीने दावा लावू शकतात. जो निकाल लागेल तो सगळ्यांना बांधतो, कधीही कोर्टाची पायरी न चढलेल्यालासुद्धा. माझ्या दृष्टीने यातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच आहे. घरी बसलेल्या माणसाचा हक्क त्याच्या गैरहजेरीत ठरतो.

म्हणून कायद्याने त्या गैरहजर माणसाभोवती कुंपण घातलं आहे. परवानगी मिळाली की प्रत्येक संबंधिताला नोटीस गेली पाहिजे, तशी पाठवणं शक्य नसेल तर जाहीर नोटीस निघाली पाहिजे. नोटीस वाचून कुणालाही दाव्यात सामील होण्यासाठी अर्ज करता येतो. दावा मागे घ्यायचा किंवा तडजोड करायची तर पुन्हा सगळ्यांना नोटीस, आणि तडजोडीला कोर्टाची परवानगी. पुढारी ढिला पडला, तारखांना फिरकेनासा झाला, तर कोर्ट त्याच्या जागी त्याच गटातला दुसरा माणूस आणू शकतं. हा शेवटचा अधिकार वापरलेला मी फार क्वचित पाहिला आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

ग्राहक आयोगातही हाच नियम लागू होतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३५ पाहा. मात्र 'आम्ही सगळ्यांच्या वतीने आलो' एवढं म्हणून भागत नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगळुरूच्या एका गृहप्रकल्पाचं प्रकरण निकाली काढलं. सदनिका १,१३४, तक्रारीला आलेले लोक ९१. उरलेल्यांचं हितही तेच आहे हे तक्रारीत नीट मांडलेलंच नव्हतं. तेव्हा कोर्ट म्हणालं, ही त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार म्हणून चालवा. म्हणजे पाया मसुद्यातच घालावा लागतो. कोणाला ताबा उशिरा मिळाला, कोणाला मिळालाच नाही, कोणाची तक्रार फक्त पार्किंगची आहे, हे सगळं एका पोत्यात घातलं की गट टिकत नाही.

आता पैसा. दिवाणी दाव्यातली ती नोटीस वादीच्या खर्चाने निघते. मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, कोर्ट फी, तज्ज्ञाचा अहवाल, हे सगळं निकालाच्या आधी. आपल्याकडे त्याला एकच उपाय ठाऊक आहे, वर्गणी. पहिल्या वर्षी सगळे देतात. तिसऱ्या वर्षी खजिनदाराला जिन्यात पाहून लोक दार लावून घेतात.

मग लोक विचारतात, "वकीलच जिंकल्यावर टक्का घेऊन केस का लढवत नाहीत?" अमेरिकेत अशा दाव्यांचा गाडा त्यावरच चालतो. भारतात वकिलाला ते चालत नाही. बार कौन्सिलचे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचे, नियम निकालावर अवलंबून फी ठरवायला मनाई करतात, आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा करार करणाऱ्या वकिलाला गैरवर्तनाचा दोषी धरलं होतं. पण वकील नसलेल्या तिसऱ्या माणसाने खर्च करायचा आणि निकालानंतर वसूल करायचा, याला मनाई दिसत नाही, असं त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये नोंदवलं. महाराष्ट्राने तर संहितेच्या आदेश २५ मध्ये त्याची खास तरतूद केली आहे. दाव्यातल्या मालमत्तेचा हिस्सा देऊन वादीने पैसा उभा केला असेल, तर कोर्ट त्या पैसेवाल्याला, त्याची संमती असल्यास, वादी करून घेऊ शकतं आणि प्रतिवादीच्या खर्चासाठी त्याच्याकडून तारण मागू शकतं. मला ही तरतूद आवडते. जो पैसा लावतो तो पडद्यामागे राहू नये. तडजोड कधी आणि कितीला करायची, हे शेवटी त्याच्याच तोंडून ठरायला लागतं.

प्रतिनिधी श्रीमंत किंवा बलवान असला म्हणजे गैरहजर माणूस सुरक्षित असतो, असंही नाही. भोपाळच्या वायुगळतीतल्या पीडितांच्या वतीने लढायचा अधिकार १९८५ च्या कायद्याने खुद्द केंद्र सरकारने घेतला. १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्यांची फुप्फुसं गेली होती त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं.

भागधारकांसाठी वाट थोडी बरी आहे. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचा हिशेबातला घोटाळा २००९ मध्ये उघड झाला, तेव्हा अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांनी तिथे सामूहिक दावा लावून कंपनीकडून १२.५ कोटी डॉलर मिळवले. आपल्या भागधारकांच्या हाती तसं साधनच नव्हतं. २०१३ च्या कंपनी कायद्यात त्यासाठी कलम २४५ आलं, ते २०१६ मध्ये लागू झालं. शंभर भागधारक किंवा एकूण संख्येच्या पाच टक्के, यातला कमी आकडा जमला की राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जाता येतं. सूचिबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीत दोन टक्के भांडवल हाती असलं तरी पुरतं. बँका मात्र यातून वगळल्या आहेत, आणि ते मला पटत नाही. या दाव्याचा खर्च गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीतून परत मिळू शकतो, न्यायाधिकरणाने मंजूर केला तर. हा निधी कुठून येतो? सात वर्षं कुणी न उचललेल्या लाभांशातून. तुमच्या आजोबांच्या ट्रंकेतल्या पिवळ्या पडलेल्या शेअर सर्टिफिकेटांचा पैसा त्यात असू शकतो. घरमालकांच्या आणि रहिवाशांच्या दाव्यांसाठी अशी तरतूद का असू नये, ही माझी जुनी मागणी आहे आणि मी ती करत राहणार.

बाई तिथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना मी सांगितलं ते सर्वांनाच सांगते. या रविवारी उरलेल्या एकवीस जणांना एकत्र बसवा आणि एका कागदावर चार गोष्टी लिहा. वर्गणी किती आणि कोणत्या खात्यात, सही कोणा दोघांची, मधेच बाहेर पडणाऱ्याने तोवरच्या खर्चातला आपला वाटा कसा द्यायचा, आणि तडजोडीचा प्रस्ताव आला तर किती दिवसांत सगळ्यांना दाखवायचा. सह्या त्या कागदावर घ्या. मग तो घेऊन तुमच्या वकिलांकडे जा आणि विचारा, त्याच प्रकल्पातल्या बाकीच्या खरेदीदारांना घेऊन प्रातिनिधिक परवानगी अजून मागता येईल का.