बाहीवरची पट्टी आणि संघातली जागा

(दापोलीत कबड्डी-क्रिकेट मंडळांचे पदाधिकारी आणि क्रीडाशिक्षक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान. शब्दांकन करताना थोडे संपादन केले आहे.)

मंडळी, नमस्कार. समोर मंडळांचे अध्यक्ष बसलेत, खजिनदार बसलेत, शाळांमधले क्रीडाशिक्षक आहेत. म्हणून प्रस्तावना न करता मुद्द्यावरच येऊ. समलिंगी खेळाडूंना पाठिंबा म्हणून संघाने सप्तरंगी पट्टीची जर्सी घालायचं ठरवलं आणि एखादा खेळाडू म्हणाला, मी घालणार नाही. तर मंडळाने काय करावं? परदेशात या प्रश्नावरून संघ फुटलेत. आपल्याकडे तो अजून आलेला नाही. पण आपल्या स्पर्धांचे पुरस्कर्ते मुंबईहून येतात, आणि जर्सीवर काय छापायचं ते बऱ्याचदा पैसे देणाराच ठरवतो. तेव्हा आधी विचार झालेला बरा.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. संघातल्या कुणालाही त्याच्या लैंगिकतेवरून शिवी देणं, डावलणं, त्याच्याशी खेळायला नकार देणं हे सक्तीने बंद झालं पाहिजे. तिथे सूट नाही. पाठिंबा मात्र ज्याचा त्याने द्यायचा. वागणुकीची सक्ती करता येते, मताची करता येत नाही.

ऑस्ट्रेलियात सिडनीचा मॅनली नावाचा रग्बी लीग क्लब आहे. याच क्लबकडून खेळलेले इयान रॉबर्ट्स यांनी १९९५ मध्ये आपण समलिंगी असल्याचं उघड सांगितलं. त्या खेळातले असे ते पहिले खेळाडू. म्हणजे या क्लबला या विषयाचा अभिमान असायला जागा होती. जुलै २०२२ मध्ये क्लबने एका सामन्यासाठी सप्तरंगी पट्ट्यांची जर्सी जाहीर केली. खेळाडूंना विचारलंच नव्हतं. सात जणांनी धर्म आणि संस्कृतीचं कारण देऊन ती घालायला नकार दिला आणि ते सामन्याबाहेर राहिले. प्रशिक्षक डेस हॅसलर यांनी पत्रकारांसमोर क्लबची चूक कबूल केली आणि दोन्ही बाजूंची माफी मागितली: समलिंगी समाजाचीही आणि त्या खेळाडूंचीही. २८ जुलैला सिडनी रूस्टर्सविरुद्धचा सामना मॅनली २०-१० असा हरला. संघ बाद फेरीत पोहोचला नाही आणि त्याच वर्षी हॅसलर यांनाही जावं लागलं.

यात बिघडलं कुठे, ते नीट बघा. जर्सी हा गणवेश आहे. ती घातली नाही तर खेळता येत नाही. म्हणजे संदेश जर्सीवर छापला त्या क्षणी संघातली जागा आणि संदेशाला होकार या दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या गेल्या. आपल्या टेनिस क्रिकेटच्या जर्सीही हल्ली सब्लिमेशनने छापतात. डिझाइन कागदावर, कागद पॉलिएस्टरवर, आणि वरून साधारण २०० अंश उष्णतेचा दाब. रंग धाग्यात मुरतो. तो उसवता येत नाही, धुऊन जात नाही. नाव, नंबर, मापं आणि डिझाइन एकदा छापखान्यात गेलं की खेळाडूचा निर्णय तिथेच संपला. म्हणून ज्याला कुणाला असा उपक्रम करायचाय त्याने पट्टी जर्सीतून काढून वेगळ्या वस्तूवर आणावी. मनगटपट्टा, बुटांची नाडी, दंडपट्टा चालेल. वाटायचं नाही, टेबलावर ठेवायचं. ज्याला हवं त्याने उचलावं. आणि कुणी उचललं नाही याची यादी करायची नाही, फोटोतही शोधायचं नाही. हे पाळलं नाही तर ऐच्छिक म्हणण्यात अर्थ नाही.

अमेरिकेतल्या आइस हॉकीत हा धडा वेगळ्या बाजूने मिळाला. १७ जानेवारी २०२३ ला फिलाडेल्फिया फ्लायर्सचा इव्हान प्रोव्होरोव्ह सरावाची सप्तरंगी जर्सी घालायची नाही म्हणून सरावालाच उतरला नाही. आपण रशियन ऑर्थोडॉक्स असल्याचं कारण त्याने दिलं. प्रशिक्षकाने त्याला सामन्यातून वगळलं नाही. तो खेळला, आणि संघातले ज्यांना वाटलं त्यांनी ती जर्सी घातली. माझ्या मते त्या रात्री तो संघ बरोबर वागला. पुढे इतरही काही खेळाडूंनी नकार दिला, वाद पेटला, आणि जूनमध्ये लीगने अशा खास जर्सीच बंद केल्या. ऑक्टोबरमध्ये तर स्टिकला सप्तरंगी चिकटपट्टी लावण्यावरही बंदी आणली. ट्रॅव्हिस डरमॉट नावाच्या खेळाडूने बंदी मोडून ती लावली, तेव्हा लीगने बंदी मागे घेतली. ज्याला पाठिंबा द्यायचाय त्याला गप्प बसवणं ही तितकीच वाईट सक्ती आहे. कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात सात युरोपीय संघांचे कर्णधार सप्तरंगी छटेचा ‘वनलव्ह’ दंडपट्टा बांधणार होते. फिफाने पिवळ्या कार्डाचा इशारा दिला आणि सगळे मागे हटले. ज्यांना प्रोव्होरोव्हचं स्वातंत्र्य पटतं त्यांना या कर्णधारांचंही पटायला हवं. एकाचं पटतं आणि दुसऱ्याचं खटकतं, असं होत असेल तर तिथे प्रश्न स्वातंत्र्याचा राहिलेला नाही.

इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये इप्सविच टाउनचा कर्णधार सॅम मॉर्सी याने धर्माचं कारण देऊन सप्तरंगी दंडपट्टा बांधला नाही, साधा बांधला. क्लबने त्याचा निर्णय मान्य केला आणि आपला मोहिमेला पाठिंबा आहे हेही सांगितलं. फ्रान्समध्ये मोनॅकोच्या मोहम्मद कामाराने मे २०२४ मध्ये जर्सीवरचं समलिंगीद्वेषविरोधी चिन्ह पट्टीने झाकलं, तर त्याला चार सामन्यांची बंदी झाली. इथे मला थोडं थांबायचंय, कारण हे प्रकरण सोपं नाही. ‘समलिंगींचा द्वेष करू नका’ हे सांगणारं चिन्ह झाकणं आणि समलिंगी अभिमानाचा सप्तरंगी झेंडा नाकारणं यात फरक आहे. पहिलं झाकलं तर संघातल्या समलिंगी मुलाला वाटेल, याला माझा द्वेष करायची मोकळीक हवीय. तरीही शिक्षा वागणुकीला असावी, कपड्याला नसावी, असंच मी म्हणेन. तो ड्रेसिंग रूममध्ये कसा वागतो ते बघा, आणि तिथे चुकला तर चारच्या ऐवजी आठ सामने बसवा.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. केरळमधल्या यहोवा साक्षी पंथाच्या तीन भावंडांना १९८५ मध्ये शाळेतून काढलं. कारण ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. न गाण्याचा हक्क न्यायालयाने अनुच्छेद १९ आणि २५ मध्ये पाहिला. राष्ट्रगीतासाठी सक्ती चालत नाही, तर बाहीवरच्या पट्टीसाठी कशी चालेल? मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतात, खासगी मंडळाविरुद्ध सहसा थेट नाही, हे खरं. पण अनुदानित शाळांच्या शिक्षकांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

याच सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले. हे दोन्ही निकाल मनात शेजारी शेजारी ठेवा. एक सांगतो, तो माणूस गुन्हेगार नाही, तुमच्याइतकाच नागरिक आहे. दुसरा सांगतो, मनात नसलेलं कुणाच्या तोंडून वदवून घेऊ नका.

माणूस आणि संदेश वेगळे कसे करायचे, हे बेलफास्टच्या अॅशर्स बेकरीच्या खटल्यात छान दिसतं. गिऱ्हाइकाला केकवर समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या असं लिहून हवं होतं. बेकरीवाल्यांनी नाही म्हटलं. खालच्या न्यायालयांत ते हरले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाचही न्यायाधीशांच्या एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला: नकार गिऱ्हाइकाला नव्हता, मजकुराला होता. गिऱ्हाईक समलिंगी म्हणून साधा केकही नाकारला असता तर तो भेदभाव कायद्याला माफ नव्हता. आपल्या मंडळात हाच दंडक लावा. ‘मी पट्टा बांधणार नाही’ हे चालेल. ‘मी त्याच्या शेजारी खेळणार नाही’ हे चालणार नाही.

आणि शेजारी खेळणं म्हणजे काय, हे कबड्डीवाल्यांना सांगायला नको. डावा कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा हात धरून साखळी करतात. पकड कमरेला असते, घोट्याला असते, सात जण एकावर पडतात. एखाद्या मुलाबद्दल कुजबुज सुरू झाली की पहिली तुटते ती साखळी. शेजारचा बोटं सैल धरतो, अर्धा पाऊल लांब उभा राहतो, चढाईवाला त्याच फटीतून निसटतो, आणि गुण गेला म्हणून शिव्या त्याच मुलाला. प्रशिक्षकाने बघायचं ते हे. बाहीवर पट्टी असो वा नसो, त्या मुलाचा हात घट्ट धरला जातो की नाही? ‘बायल्या’ ही हाक सरावात आली तर तिथेच शिटी मारा, सराव थांबवा. सामन्यात अर्वाच्य भाषेला पंच हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवतात, पिवळ्याला दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं. मग सरावात वेगळा नियम कशाला? ज्या कोकणात दशावतारातल्या स्त्रीपात्राला रात्र रात्र जागून दाद मिळते, तिथे मुलाच्या चालण्यावरून त्याला मैदान सोडावं लागणं मला सहन होत नाही.

अप्रिय बोलण्याचा हक्क आपल्या मातीला नवा नाही. इथून जवळच्या मुरूडला जन्मलेले र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं दिली, खटले सोसले. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. आंबेडकर, ज्यांचं मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे. खटला ते हरले. कर्व्यांनी वाचकाकडे होकार मागितला नव्हता. बोलू द्या, एवढंच मागितलं होतं.

आता नियमावलीत लिहायचं काय? दोन-तीन ओळी पुरतात. लैंगिकतेवरून शिवीगाळ, स्पर्श टाळणं, संघनिवडीत डावलणं याला पहिल्यांदा एक सामना, पुन्हा झालं तर हंगामभर बंदी. गणवेशावर पुरस्कर्त्याचं नाव सोडून कुठल्याही सामाजिक, धार्मिक, राजकीय संदेशाची सक्ती नाही. ‘कुठल्याही’ हा शब्द गाळू नका. उद्या देवाच्या नावाची पट्टी आली तर तीही याच नियमात बसते, आणि हे मान्य नसेल तर पहिला आक्षेपही खरा नाही. पुरस्कर्त्याशी करार करताना हे कलम त्याला छपाईच्या आधी दाखवा. छापून आल्यावर भांडण पैशाचं होतं.

शेवटचं, शिक्षकांसाठी. एखाद्या मुलाने तुम्हाला विश्वासाने सांगितलं तर ती माहिती त्याची आहे. घरी कळवायची नाही, मुख्याध्यापकांना नाही, कर्णधारालाही नाही. जिवाला धोका वाटला तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्याला एकटं सोडू नका. ‘सुधारणा’ करणारा डॉक्टर शोधू नका. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असले उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत. मुलगा खचलेला दिसला तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशीच्या सरावाला त्याला त्याच्याच जागेवर उभं करा, तो कोपऱ्यात खेळत असेल तर कोपऱ्यातच.