ज्यूरीच्या बाकावरचा भारतीय

नमस्कार मंडळी. पिक्चर बघून झाल्यावर भाषण म्हणजे ताक पिऊन उठलेल्या माणसाला पुन्हा वरणभात वाढण्यासारखं आहे. तरी कार्यकारिणीने माईक हातात दिलाय, तेव्हा बोलते.

आज जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी आधी गोष्ट. ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’, साल 1946. 2 मे 1945 च्या रात्री एक लँकेस्टर बॉम्बर विमान पेटलंय, पॅराशूटच्या चिंध्या झाल्यात. वैमानिक पीटर कार्टर, म्हणजे डेव्हिड निव्हन, रेडिओवर जून नावाच्या अमेरिकन मुलीशी बोलतो. कविता म्हणतो, आईसाठी निरोप देतो आणि उडी टाकतो. त्याची वेळ भरलेली असते. पण इंग्लिश खाडीतल्या धुक्यात परलोकाच्या दूताला तो सापडतच नाही. पीटर किनाऱ्यावर जिवंत सापडतो, जून भेटते. मग दूत उगवतो आणि म्हणतो, चला. पीटर म्हणतो, चूक तुमची. मधल्या वेळात मी प्रेमात पडलो, ते मी का निस्तरू? झालं, वर खटला उभा राहतो.

गंमत अशी की प्रेमकथा पहिल्या प्रसंगातच पूर्ण होते. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं, आवाजावर सगळं ठरतं. उरलेला पिक्चर म्हणजे ते प्रेम टिकवण्यासाठी केलेली कोर्टबाजी. माझ्या मते हा चित्रपट ऐंशी वर्षं तरला तो याच कोर्टबाजीमुळे.

सावित्री आठवली ना? मघाशी मागच्या रांगेतून कुजबुज ऐकू आलीच. पण सावित्री यमाच्या मागे चालत जाते, एकेक वर मागत त्याला त्याच्याच शब्दांत पकडते. इथे वाद घालायला वकील आहेत. जूनचा पुरावा म्हणजे गुलाबावर टिपून घेतलेला एक अश्रू, आणि पीटरऐवजी परलोकाकडे नेणाऱ्या जिन्यावर पाय ठेवायची तिची तयारी. मला विचाराल तर सावित्रीचं काम जास्त हुशारीचं. (हशा)

जिन्याबद्दल मात्र थोडं सांगायलाच हवं. तो काही कॅमेऱ्याची करामत नव्हे, खरोखर बांधलेला सरकता जिना होता. लंडनच्या प्रवासी वाहतूक मंडळाच्या इंजिनिअरांनी केलेला, 106 पायऱ्यांचा, प्रत्येक पायरी 20 फूट रुंद, ओढायला 12 अश्वशक्तीचं इंजिन. त्याला लाडाने ‘एथेल’ म्हणत. लंडनच्या ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, जिन्यांवर उजव्या बाजूला उभं राहायची शिस्त आपण सगळे इथे शिकलो. त्याच घराण्यातला हा जिना.

आणि रंग! पृथ्वी झगझगीत टेक्निकलरमध्ये, म्हणजे त्या काळच्या रंगीत चित्रपद्धतीत, आणि परलोक करडा. एखाद्याने उलट केलं असतं: स्वर्ग सोनेरी आणि युद्धाने पिचलेलं इंग्लंड फिकट. पॉवेल आणि प्रेसबर्गर या चित्रपट करणाऱ्या जोडीने गुलाब, गाल, लाल ओठ सगळे खाली ठेवले. दूत खाली उतरतो आणि तक्रार करतो की वर टेक्निकलरची फार उपासमार होते. जॅक कार्डिफ हा कॅमेरामन त्यांच्यासाठी पहिल्यांदाच पूर्ण जबाबदारी घेत होता. किनाऱ्यावरच्या प्रसंगात धुकं विरल्यासारखं दिसावं म्हणून तो लेन्सवर स्वतःच्या तोंडाची वाफ सोडून मोकळा झाला.

आता कुणी विचारेल, हे परलोक वगैरे खरं की पीटरच्या डोक्यातलं? सुरुवातीची पाटी स्पष्ट सांगते की दुसरं जग फक्त त्या तरुण वैमानिकाच्या मनात आहे. पीटरवर उपचार करणारा डॉक्टर रीव्ह्जही मेंदूचं दुखणं ओळखतो. दूत येण्याआधी पीटरला तळलेल्या कांद्याचा वास येतो, हे लक्षण तो बरोबर पकडतो. खाली शस्त्रक्रिया आणि वर खटला एकाच वेळी चालतो, आणि सर्जन व न्यायाधीश एकाच नटाने केलेत. म्हणजे सगळं वैद्यकीय. मग दूताने उसनं नेलेलं बुद्धिबळाचं पुस्तक शेवटी कोटाच्या खिशात आलं कुठून? याचं उत्तर चित्रपट देत नाही, आणि देत नाही हेच बरं.

त्या सर्जन-न्यायाधीशाचं काम करणारे अब्राहम सोफेर रंगूनमध्ये जन्मले, तेव्हा रंगून ब्रिटिश हिंदुस्थानात होतं. आणि लिहिणारा एमेरिक प्रेसबर्गर हंगेरीतला ज्यू, नाझींमुळे बर्लिन सोडून आधी पॅरिसला आणि मग इंग्लंडला आलेला. त्याची आई आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत मारली गेली. इंग्लंडवरचं इतकं प्रेमाचं आणि तरीही इतकं खोडकर लिखाण बाहेरून आलेल्या माणसाचं आहे, याचं मला नवल वाटत नाही. घरच्या माणसाला घर असं दिसत नाही.

मूळ सूचना सरकारी होती. ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाला ब्रिटिश आणि अमेरिकन लोकांमधली कुरबूर कमी करणारा चित्रपट हवा होता. सरकारी कामातून सहसा प्रचारपट निघतो. इथे काय निघालं? फिर्यादी वकील म्हणून अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजी गोळीने मेलेला पहिला माणूस! हा फार्लन इंग्लंडचा आवाज म्हणून कोर्टाला रेडिओवरचं क्रिकेटचं धावतं वर्णन ऐकवतो. मघाशी त्या वेळी आपल्याकडे जो गडगडाट झाला तो फार्लनच्या विरोधात होता, असं मी धरते. उत्तरादाखल रीव्ह्ज, जो अपघातात मरून वर पोचलाय आणि पीटरचा वकील झालाय, अमेरिकन गाणं लावतो आणि हिशोब बरोबर करतो.

आणि मग ज्यूरी. फ्रेंच, बोअर, रशियन, चिनी, आयरिश आणि एक भारतीय. ब्रिटनने ज्यांच्याशी युद्धं केली किंवा ज्यांच्यावर राज्य केलं, त्यांचेच प्रतिनिधी बाकावर. रीव्ह्ज हरकत घेतो की हे सगळे आधीच आमच्या विरोधात आहेत, आणि त्यांच्या जागी तितक्याच निरनिराळ्या मुळांचे अमेरिकन नागरिक येतात. युक्ती चपखल आहे, टाळ्या घेणारी आहे. पण मला ती दरवेळी खटकते. त्या भारतीयाची तक्रार खोटी असं कोर्ट म्हणत नाही. फक्त त्याला उठवलं जातं. बोस्टनच्या फार्लनच्या तक्रारीला अख्खं वकिलाचं आसन मिळालं, आमच्या माणसाला नुसता बाक.

तरीही तो बाक तिथे आहे, हे विसरू नका. 1 नोव्हेंबर 1946 ला लेस्टर स्क्वेअरच्या एम्पायर थिएटरात हा चित्रपट सहावे जॉर्ज आणि राणीसमोर दाखवला गेला. राजघराण्यासाठीचा तसा तो पहिलाच खेळ. जॉर्ज तेव्हा हिंदुस्थानचे सम्राट होते आणि पडद्यावर त्यांचा एक प्रजाजन इंग्लंडविरुद्ध ज्यूरीत बसला होता. साडेनऊ महिन्यांनी हिंदुस्थान स्वतंत्र झाला. इथे खुर्च्या उचलता उचलता मला सांगा, तुम्ही प्रेसबर्गर असता तर त्या माणसाला उठवलं असतं का?