मान पुढून उघडायची की मागून?

(दृश्य : शर्टाच्या काजाशी झटापट करणारी दोन बोटं.)

हे बटण लागायला हल्ली दोन मिनिटं जातात. भात कालवताना घास बोटांतून सांडतो. जिना चढताना चप्पल पायातून निसटते, आणि निसटल्याचं कळतही नाही. मान मात्र फारशी दुखत नाही. त्यामुळे घरचे म्हणतात, वय झालं. खरं तर मानेत मज्जारज्जू दाबला जात असतो. याच एका वाक्यात कितीतरी जणांचे मोलाचे महिने वाया जातात.

डॉक्टर सांगतात, मूठ उघडा, मिटा, जमेल तितक्या भराभर. 10 सेकंदांत निदान 20 वेळा जमायला हवं. इथे करंगळी मागे रेंगाळते.

(दृश्य : एमआरआय. पांढऱ्या पाण्यामधला करडा पट्टा एका जागी चेपलेला.)

हा करडा पट्टा म्हणजे मज्जारज्जू, मेंदूकडून हातापायांकडे जाणारी नसांची दोरी. मानेतली त्याची वाट पुढून मागे साधारण 17 मिलिमीटर. दोन मणक्यांमधली गादी झिजून फुगते, हाडाला काटे फुटतात, मणके बांधून ठेवणारा मागचा अस्थिबंध जाड होतो, आणि वाट आवळत जाते. दाब काढायला हवा, पण कुठून?

पुढून गेलं तर गळ्यावर छोटा छेद. श्वासनलिका आणि अन्ननलिका हलकेच बाजूला सारायच्या, दाबणारी गादी काढायची, तिच्या जागी केज, म्हणजे छोटा पोकळ ठोकळा, बसवून मणके जोडायचे. जिथे दाब, तिथेच हात. एक-दोन गाद्यांचा प्रश्न असेल तर हा रस्ता सरळ.

मागून गेलं तर मणक्यांच्या मागच्या बाजूच्या हाडाच्या कमानी काढून स्क्रू आणि सळ्यांनी मान जोडतात. किंवा कमान ठेवूनच जागा वाढवतात. टोकियोच्या केइओ विद्यापीठातले सर्जन हिराबायाशी यांनी 1970च्या दशकात ही युक्ती रूढ केली : कमान एका बाजूने कापायची, दुसरी बाजू बिजागरीसारखी ठेवायची आणि दार उघडावं तशी ती उघडायची. मज्जारज्जू मागे सरकतो, मोकळा होतो. पण मानेचा नैसर्गिक बाक शाबूत असेल तरच. मान पुढे वाकलेली असेल, तर मागचं दार उघडूनही मज्जारज्जू पुढच्या हाडावर ताणलेलाच राहतो. म्हणून बाजूने काढलेला साधा एक्स-रे इथे फार महत्त्वाचा.

दोन्ही रस्ते चालण्यासारखे असतील तेव्हा? अमेरिका आणि कॅनडातल्या 15 केंद्रांवर 163 रुग्णांची पुढून की मागून अशी जणू चिठ्ठी टाकून विभागणी केली. निष्कर्ष 2021 साली आले. वर्षभरानंतर शारीरिक सुधारणेत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ऑपरेशनमुळे झालेल्या त्रासात मात्र होता : पुढून 48 टक्के रुग्णांना, मागून 24. पुढच्यांतला मोठा वाटा गिळताना होणाऱ्या त्रासाचा. दार उघडलेल्यांचं सर्वांत बरं दिसलं, पण त्यांची निवड चिठ्ठीने नव्हे, सर्जनने केली होती. म्हणून त्या निष्कर्षावर उडी मारू नये. मागच्या रस्त्यालाही किंमत आहे : स्नायूंचं दुखणं, आणि काहींचा खांदा काही काळ उचलत नाही.

म्हणून सर्जनला विचारा : माझा दाब कुठे आहे? माझ्या मानेचा बाक कसा आहे? गळ्यावर पोट असलेल्या गायकाने, शिक्षकाने आपलं काम आधीच सांगावं, कारण पुढच्या छेदाजवळून आवाजाची नसही जाते. आणि हेही ऐकून घ्यावं, की ऑपरेशन मुख्यतः आणखी पडझड थांबवण्यासाठी असतं. गेलेलं किती परत येईल, हे दाब किती दिवस राहिला यावर बरंच ठरतं.

(दृश्य : मानेला पट्टा. समोर डॉक्टर, हातात घड्याळ.)

मूठ उघडा. मिटा. यावेळी करंगळीकडे बघा.