लॉनमधला मेलेला पॅच: मधे नको, कडेला बघा

नमस्कार मंडळी. बंगला, रो हाऊस असणारे बरेच जण आज आलायत, आणि मघाशी चहाच्या वेळी जवळपास प्रत्येकानं मला मोबाईलवर पिवळ्या पॅचचा फोटो दाखवला. सगळ्यांनी फोटो काढलाय तो मधल्या मेलेल्या भागाचा. पण तिथं काही सापडत नाही हो! मधलं गवत मरून महिना झालेला असतो, ज्यानं मारलं ते बहुतेक वेळा पुढं सरकलेलं असतं. म्हणून बघायचं ते कडेला, हिरवं संपून पिवळं सुरू होतं त्या चार बोटांच्या पट्ट्यात. आणि हे बघून होईपर्यंत दुकानातनं कुठलीही बाटली आणू नका, कारण बुरशीनाशकानं अळी मरत नाही आणि कीटकनाशकानं बुरशी जात नाही, फुकट विष मातीत जातं, त्याचं मला फार वाईट वाटतं.

तर कडेचं गवत मुठीत धरून ओढा. ते सतरंजी गुंडाळावी तसं अख्खं वर आलं, खाली मुळंच नाहीत, तर पहिला संशय हुमणीवर, म्हणजे मातीत राहून मुळं खाणाऱ्या अळीवर. ऊसवाल्यांना हुमणी सांगायला नको, पण शहरात लोकांना वाटतं की ती शेतातली कीड, आपल्या लॉनमध्ये कशी येईल? अहो, वळवाचा किंवा पहिला पाऊस पडला की मे-जूनमध्ये तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतनं निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर पाला खायला जमतात आणि मग मादी मातीत अंडी घालते. म्हणजे बीज पडतं जूनमध्ये आणि लॉन मरताना दिसतं ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, कारण तेव्हा अळी मोठी झालेली असते आणि मुळं सपाटून खाते. भर पावसात गवत सुकतंय म्हणून लोक आणखी पाणी मारतात, पण पाणी प्यायला मुळं तर पाहिजेत ना! खुरप्यानं कडेला एक फूट लांब, एक फूट रुंद आणि तीन-चार इंच खोल माती उकरा. पांढरट, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी सारखी वळलेली अळी दिसेल. एखादीच निघाली तर घाबरू नका, दर खड्ड्यात चार-पाच निघायला लागल्या तर मात्र तीच भानगड. साळुंक्या, हुदहुद त्याच जागी सारखे चोच खुपसताना दिसले तर तेही लक्षात ठेवा. अळ्या वेचून मारा, ओल्या मातीत मेटारायझियम, म्हणजे अळीला मारणारी उपयोगी बुरशी, द्या, आणि खरं काम पुढच्या जूनमध्ये, रात्री कडुनिंबाच्या फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. शेजारपाजारच्यांनी मिळून केलंत तर जास्त उपयोग, कारण भुंगेरा काही तुमचं कंपाउंड बघून उडत नाही.

आता गवत ओढून निघत नाही, मुळं घट्ट आहेत, पण पात्यांवर डाग आहेत आणि पहाटे दवात पांढरे बारीक तंतू दिसतात, तर ती बुरशी. संध्याकाळी पाणी देणं बंद करा, सकाळी द्या, त्या दिवसांत युरिया टाकू नका, निम्मं काम तिथंच होतं.

पॅच ताटलीएवढा, मधे जळालेला आणि भोवती गडद हिरवी रिंग? मग कुत्रा. त्याच्या लघवीत युरियाच असतो, मधे जास्त पडला म्हणून जळालं आणि कडेला पातळ होऊन खत झालं. लगेच बादलीभर पाणी ओतलं की भागतं. खताच्या युरियात तर 46 टक्के नत्र, एका जागी मूठभर सांडला की तसाच डाग, फक्त आकार वेडावाकडा.

आणि एक कारण, जे नवीन बांधकामाच्या ठिकाणी मला सारखं दिसतं. दर मार्च-एप्रिलला तीच जागा पिवळी पडते, पावसात हिरवी होते. तिथं लांब स्क्रू ड्रायव्हर मातीत खुपसा. बाजूला सहा इंच सहज जातो आणि इथं दोन इंचांवर टक्कन अडकतो? खाली राडारोडा आहे. विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, वरनं जेमतेम लाल मातीचा थर. उन्हात तो थर लगेच तापतो, सुकतो, सिमेंट-चुन्यानं माती आणखी अल्कधर्मी होते. याला कुठलंही औषध नाही, खोदून काढायचं आणि चांगली माती भरायची. पण खोदण्याआधी श्रीखंडाचे एकसारखे रिकामे डबे लॉनभर ठेवून 15 मिनिटं स्प्रिंकलर चालवा आणि कुठल्या डब्यात किती पाणी साचलं ते बघा, कधीकधी त्या कोपऱ्यात पाणीच पोचत नसतं आणि आपण उगाच बिल्डरला शिव्या घालत बसतो.

कारण मिळालं की मगच नवीन गवत, जून-जुलैत काड्या लावल्या तर पटकन धरतात. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला.

मागच्या ताई आंब्याखालचं विचारतायत. ताई, तिथं ऊनच नाहीये, गवत कितीदाही लावलं तरी विरळ होत जाणार. फांद्या थोड्या विरळ करून बघा, नाहीतर नेचे, सिंगोनियम लावा.