एसडब्ल्यूआर उतरला, पण पॉवर गेली कुठं?

मंडळी, नव्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, आपण पहिला प्रश्न विचारतो तो 'एसडब्ल्यूआर किती आला?' एसडब्ल्यूआर म्हणजे केबल आणि अँटेना यांचा मेळ किती बसला ते सांगणारा आकडा. एकास एक आला म्हटलं की गडी खूश. अँटेना उभी, खाली मातीत एक गज ठोकलेला, आणि मीटर सांगतो सगळं झकास. आज मला त्या मीटरवरचा तुमचा विश्वास जरा डळमळीत करायचाय.

४० मीटर बँडवर (म्हणजे तरंगलांबी साधारण ४० मीटर) पाव तरंगलांबीची व्हर्टिकल, म्हणजे उभी अँटेना, साधारण १० मीटर उंच होते. आदर्श जमिनीवर तिचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे लहर बनून बाहेर जाणाऱ्या पॉवरचा रोध, ३६ ओहम. आपली केबल ५० ओहमची. म्हणजे जमीन उत्तम असेल तर एसडब्ल्यूआर १.४ च्या आसपास दिसायला हवा. मग तुमचा एकास एक कसा आला? वरचे १४ ओहम मातीचे! १०० वॉट सोडले तर २८ वॉट माती तापवण्यात गेले. हिशेब ढोबळ आहे, कारण तो ३६ चा आकडाही जमिनीप्रमाणे थोडा हलतो. पण रेडिअल, म्हणजे अँटेनेच्या पायथ्यापासून जमिनीवर चहूबाजूंनी पसरलेल्या तारा, वाढवले की तोटा घटतो आणि एसडब्ल्यूआर चढतो, आणि नेमकं तेव्हाच लोक घाबरून रेडिअल काढून टाकतात.

म्हणून मोजायची ती फील्ड स्ट्रेंथ, म्हणजे दूरवर लहर किती जोरात पोचते ते. ऊस तुटून गेलेलं मोकळं रान बघा. फील्ड स्ट्रेंथचा मीटर अँटेनेपासून शंभर-दीडशे मीटरवर, एकाच जागी, एकाच उंचीवर ठेवा. परत येणारी पॉवर वजा करून अँटेनेत जाणारी पॉवर प्रत्येक वेळी सारखी ठेवा. मग ४, ८, १६, ३२ असे रेडिअल जोडत जा. सोडवलेले रेडिअल मात्र तसेच जमिनीवर पडू देऊ नका. जोडलेले नसले तरी त्यांच्यात करंट येतो. गुंडाळून बांधावर नेऊन ठेवा. केबलची बाहेरची जाळीही रेडिअलचंच काम करते, म्हणून पायथ्याशी फेराइटचा चोक, म्हणजे जाळीच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारी कडी, हवा. नाहीतर चार रेडिअलची चाचणी पाचांची होऊन बसते.

आणि सगळं एकाच दिवसात उरका, मध्ये वळीव पडला तर आकडे फेकून द्या. निपाणी-चिकोडीकडची काळी माती ओल धरते, वीज बरी वाहते. खानापूरच्या तांबड्या जांभ्यात पाणी टिकत नाही. तेव्हा निपाणीवाल्याचं चार रेडिअलवर भागलं म्हणून खानापुरात भागेलच असं नाही.

१९३७ साली ब्राऊन, लुईस आणि एपस्टाईन यांनी ११३ रेडिअलपर्यंत मोजमापं केली. प्रसारण केंद्रांचा १२० रेडिअलचा दंडक त्यातूनच आला. आपण त्या नादी लागू नये. खरा फायदा पहिल्या सोळा-बत्तीस रेडिअलमध्येच पदरात पडतो, पुढं तांब्याचा खर्च तेवढा वाढतो. एकूण ४० मीटर लांबीचीच तार असेल तर दहा-दहा मीटरच्या चारऐवजी पाच-पाच मीटरचे आठ पसरा. जमिनीवरच्या तारेत लहरीचा वेग घटतो, त्यामुळं पाव तरंगलांबीचं माप तिथं लागूच पडत नाही.

मघाशी एकांनी विचारलं, मग कोल्हापूर जोरात येईल का? कोल्हापूर जवळचं, तिथं उंच कोनात वर जाऊन परतणारी लहर लागते, आणि व्हर्टिकल सपाट कोनात फेकते; म्हणून कोल्हापूरसाठी डायपोल, म्हणजे आडवी तारेची अँटेना, तीच बरी. आणि युरोप? थोडा सुधारेल. पण तिकडं सपाट कोनात जाणारी लहर जमिनीवरून परावर्तित होते ती कित्येक तरंगलांब्या दूर. तिथली माती जशी असेल तशी. आपले रेडिअल काही शेजाऱ्याच्या उसात नेता येत नाहीत.