बोंडू पडण्याची वाट

श्रोतेहो, नमस्कार.

माझी बहीण नाशिकला असते. द्राक्षाचा हंगाम आला की तिचा फोन ठरलेला: "मळ्यात तंबू ठोकलाय, पहाटे घड काढायला जाणार. येताय का?" वाइनची द्राक्षं गारव्यातच काढलेली बरी, म्हणजे वायनरीत पोचेपर्यंत तापत नाहीत. ऐकून मलाही जावंसं वाटायचं. गोव्यात मात्र द्राक्षाचं नाव काढायला नको. वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस, त्यात जांभ्याची जमीन! आमचा मळा म्हणजे काजूची बाग आणि आमची वायनरी म्हणजे फेणी, ही काजूच्या रसाची दारू, गाळायची भाटी. म्हणून गेल्या मार्चमध्ये आम्ही चौघं गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, ओळखीच्या एका बागेत रात्र काढून आलो.

तंबू झाडाखाली लावायची माझी फार हौस होती. बागेतल्या काकींनी साफ नाही म्हटलं. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो पसरवणारी गोचीड पाचोळ्यात असते आणि तिचे दिवस नेमके काजूचेच. काकींनी शेणाने सारवलेलं खळं दाखवलं, तिथे आम्ही तंबू लावला. शेकोटीही नको म्हणाल्या. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात पेटलेले वणवे त्या भागातलं कोणीच विसरलेलं नाही. तुम्ही जाणार असाल तर या दोन गोष्टी मनावर घ्याच.

उजेड होता तो भाटीचा. कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडीत, बोंडू, म्हणजे काजूचं फळ, तुडवून काढलेला रस काही दिवस आपसूक आंबतो, वरून काहीच घालावं लागत नाही. मग तो भाणात, म्हणजे तांब्याच्या भांड्यात, चढतो. खाली लाकडं धगधगतात, वाफ थंड होऊन थेंबाथेंबाने उतरते. पहिल्या धारेचा तो उर्राक. उर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून भाण चढवलं की फेणी. जाळ थोडा वाढला तरी चव करपते, म्हणून काकींचा मुलगा रात्रभर लाकूड आत सरकवत, बाहेर ओढत बसला होता. मी तासभर त्याच्याशेजारी बसलो. तो फार बोलला नाही. सगळं लक्ष धारेवर.

झोप लागणार एवढ्यात टप्प आवाज झाला. थोड्या वेळाने आणखी एक. बोंडू पडत होते. लांब कुठेतरी रातवा पक्षी चक् चक् करत होता, आणि मध्येच टप्प. मी मोजायला लागलो आणि मोजतामोजताच झोपलो.

सकाळी टोपली घेऊन निघालो तर फांदीला एक लालबुंद बोंडू लोंबत होता. मी हात घातला. काकी मागून म्हणाल्या, "पडूं दिया, पाडूं नाकात." म्हणजे पडू द्या, पाडू नका. फेणीला पडलेलाच बोंडू लागतो. झाडावर पुरता पिकून आपणहून सुटलेल्या फळात जो गोडवा असतो, तो ओढून काढलेल्यात येत नाही. द्राक्षाचा घड कात्रीने कापायचा, इथे मात्र वाट बघायची! वाकून वेचायचं, बी पिळून वेगळी करायची, की पुन्हा वाकायचं. तासाभरात माझी कंबर धरली. काकी मात्र उन्हं वर येईपर्यंत वेचायचं थांबल्या नाहीत. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली ती राज्याचं वारसा पेय झाली, याचा मला अभिमान आहेच. पण बाटली हातात घेतली की आता मला आधी ती वाकलेली पाठ दिसते.

न्याहारीला नीरो मिळाला. तुडवलेल्या चोथ्याचा गोल बांधून त्यावर धोंडा ठेवतात, त्यातून झिरपणारा हा ताजा रस. तो लगेच प्यायचा, दुपारपर्यंत आंबायला लागतो. शहरात तो मिळणं कठीण. त्या एका पेल्यासाठीसुद्धा तिथे मुक्काम करावा असं मला वाटतं. रात्री आदल्या धारेचा उर्राक लिंबू, मीठ आणि मिरची घालून घेतला होता, तोही निवांत, कारण कोणालाच गाडी हाकत घरी परतायचं नव्हतं.

घरी आल्यावर बहिणीला फोन लावला. म्हटलं, पुढच्या मार्चअखेरीस तूच ये. आणि येताना जुने कपडे घेऊन ये, बोंडूच्या रसाचा डाग जात नाही.