शॉकमधलं तेल

[धीम्या गतीत उडी. बग्गी हवेत, चारही चाकं खाली लोंबलेली.]

ही रिमोटवर चालणारी, १/१० मापाची इलेक्ट्रिक ऑफ-रोड बग्गी. वजन दीड किलोच्या आसपास. आता तिच्या चाकांवर लक्ष ठेवा. टेकली... चाकं धरणारे आर्म वर गेले, स्प्रिंग दबल्या, चेसिस मातीला जेमतेम शिवली आणि गाडी एकदाच वर येऊन स्थिर झाली. दुसरी उसळी नाही.

यात स्प्रिंगचं श्रेय अर्धंच. स्प्रिंग धक्का साठवते आणि बहुतेक सगळा परत करते. गाडी तिच्यावरच सोडली तर टप्पे खात पुढे जाईल, आणि जे चाक हवेत आहे त्याला पकड नसते: ना वेग घेता येतो, ना वळता येतं. धक्का जिरतो तो स्प्रिंगच्या आतल्या नळीत, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरमध्ये. त्यालाच थोडक्यात शॉक म्हणतात. शाफ्टच्या, म्हणजे आत-बाहेर सरकणाऱ्या दांडीच्या टोकाला छोटासा पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि भोवती सिलिकॉन ऑइल. शॉक दबला की तेलाला त्या भोकांतूनच वाट काढावी लागते. या झटापटीत धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन जाते.

१९८४ साली टीम असोसिएटेड कंपनीची आरसी१० ही बग्गी आली: सोनेरी ॲल्युमिनियमची चेसिस, चारही चाकांना तेलाचे ॲल्युमिनियम शॉक. त्याच वर्षीच्या टामिया कंपनीच्या हॉर्नेट बग्गीला तेलाचे शॉक फक्त मागे होते. नवशिक्यांसाठीच्या गाड्यांमध्ये नुसत्या स्प्रिंगचे शॉक आजही सापडतात. तुमच्या गाडीत तसे असतील, तर तेलाचे शॉक बसवण्याइतका मोठा फरक दुसऱ्या क्वचितच एखाद्या सुट्या भागाने पडेल.

[नवा ॲल्युमिनियम शॉक हातात. बोटाने कॉलर फिरते.]

पण गाडीत तेलाचे प्लॅस्टिक शॉक आहेत आणि ते गळत नाहीत, तर? मग या चकाकीला जरा थांबवा. ॲल्युमिनियमचे फायदे खरे आहेत. जोरात आपटल्यावर झाकणाचे आटे निसटत नाहीत, आणि स्प्रिंग जिच्यावर टेकते त्या आट्यांच्या कॉलरने गाडीची उंची अगदी थोडी-थोडी बदलता येते. प्लॅस्टिकच्या क्लिपनी ती टप्प्याटप्प्यानेच बदलते. धक्का जिरवण्याचं काम मात्र नळीच्या रंगावर ठरत नाही. नवा संच घ्यायचाच असेल तर दोन मापं आधी घ्या: शॉक पूर्ण उघडल्यावरची लांबी आणि पूर्ण दबल्यावरची. लांबी जास्त भरली तर आर्म फार खाली जातो आणि चाक फिरवणारा ड्राइव्हशाफ्ट अडकतो किंवा निसटतो.

खरी गंमत पिस्टनमध्ये आहे. शॉक हळू हलतो तेव्हा तेलाचा घट्टपणा बोलतो. गाडी वळणात कलते, ब्रेक लावल्यावर पुढे झुकते, ती ही हळू हालचाल. उडीवरून खाली येताना पिस्टन एकदम धावतो, भोकांत तेल खळबळतं आणि मग घट्टपणापेक्षा भोकाचं माप जास्त बोलायला लागतं. भोकं बारीक असतील तर तेल वेळेत पार होत नाही आणि शॉक क्षणभर दगडासारखा होतो. रेसिंगवाले याला ‘पॅक’ म्हणतात. म्हणूनच बारीक भोकं आणि पातळ तेल, किंवा मोठी भोकं आणि घट्ट तेल, या दोन जोड्या टेबलावर दाबून पाहिल्या तर सारख्याच लागतात. मैदानावर त्या दोन वेगळ्या गाड्या असतात. मोठ्या उड्या असतील तर पहिली जोडी चेसिस आपटू देत नाही. खडबडीत, खड्ड्यांच्या वाटेवर दुसरी चाक जमिनीला धरून ठेवते.

तेलाच्या बाटलीवरचा ‘वेट’ आकडा कंपनीगणिक बदलतो, म्हणून सेंटीस्टोक, म्हणजे घट्टपणा मोजायचं एकक, बघा. टीम असोसिएटेडचं ३० वेट म्हणजे ३५० सेंटीस्टोक, तर लोसी कंपनीचं ३० वेट ३३८. इंजिन ऑइल किंवा सायकलचं तेल इथे चालत नाही. त्याने शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या सिलिकॉन रबराच्या कड्या, म्हणजे ओ-रिंग, फुगतात, आणि तापमानासोबत त्याचा घट्टपणाही फार बदलतो.

[शॉक उघडला जातो. करडं तेल कागदावर ओघळतं.]

हे तेल भरताना पाण्यासारखं नितळ होतं. आता दिसतो तो आतल्या झिजेचा आणि बारीक धुळीचा रंग.

शाफ्ट पकडीत थेट धरू नका. त्यावर उठलेला एक ओरखडा प्रत्येक हालचालीत ओ-रिंग कापतो. नखाला ओरखडा लागत असेल तर शाफ्टच बदला, नाहीतर नव्या ओ-रिंगही गळतील. जोडताना शाफ्टच्या आट्यांवर तेलाचा थेंब लावून तो सावकाश फिरवत आत घाला. ओ-रिंग बहुतेक वेळा इथेच, कोऱ्या असतानाच चिरते.

आता तेल. शाफ्ट पूर्ण बाहेर ठेवून काठोकाठ भरा, पिस्टन अगदी हळू वर-खाली करा. बुडबुडे वर येतील. शॉक उभा ठेवा, थांबा, पुन्हा हलवा. घाई केलेला शॉक हातातच कळतो: दाबताना मध्येच पोकळ लागतो, चुळचुळ आवाज करतो.

शाफ्ट आत शिरला की तेवढी जागा व्यापतो, आणि तेल तर दबत नाही. ती जागा झाकणाखालचा डायफ्रॅम, म्हणजे लवचिक रबरी पडदा, देतो. शाफ्ट पूर्ण बाहेर ठेवून झाकण आवळलं तर दाबलेला शॉक स्वतःहून जोरात परत येतो. अर्धा आत ढकलून, जादा तेल बाहेर येऊ देऊन आवळलं तर कमी. दोन्हीपैकी काहीही चालेल, पण डावा-उजवा सारखाच हवा. स्प्रिंग न लावता दोन्ही शॉक एकमेकांना टेकवून दाबा. एक आधी आत जात असेल तर परत उघडा. कंटाळा येतो, मान्य, पण हे काम अर्धवट सोडलेली गाडी डाव्या वळणात एक आणि उजव्या वळणात दुसरी वागते.

[चारही शॉक गाडीवर. हात गाडी दाबून सोडतो.]

थंडीत हेच तेल घट्ट होतं, उन्हात पातळ. घरात अचूक वाटलेली गाडी गार सकाळी आखडल्यासारखी चालली तर स्प्रिंगला हात लावू नका. आधी एक पायरी पातळ तेल भरून बघा, आणि कुठल्या पिस्टनला कुठलं तेल भरलं ते हत्यारांच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा.